किनक्रेलच्या जिन्याच्या तेरा पायऱ्या

१६ जुलै २००९. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी किनक्रेल यूथ हॉस्टेलच्या वॉर्डन मिसेस गिलीज यांनी माझ्या मामाला त्याचं सभासद कार्ड परत द्यायला नकार दिला.

“तुमचं काम राहिलंय, मिस्टर घैसास,” त्या म्हणाल्या.

“कुठलं काम?” मामाने विचारलं.

मिसेस गिलीज यांनी काउंटरखालून कापडी बांधणीची एक वही काढली, हवं ते पान एका झटक्यात उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. “१९ जुलै १९६८. घैसास, भारत. वरचा जिना झाडणे. झालं नाही.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आईचं अक्षर आहे. त्या वेळी वॉर्डन ती होती.”

“काय म्हणतेय ती?” मामीने मला विचारलं. मामीला इंग्रजी चांगलं समजतं, पण स्कॉटिश माणूस बोलायला लागला की ती माझ्याकडे बघायची.

“जिना झाडल्याशिवाय कार्ड मिळणार नाही म्हणतायत.”

“मग झाडा की,” मामी मामाला म्हणाली.

या कार्डाबद्दल आधी सांगायला हवं. मामा, म्हणजे यशवंत घैसास, चोविसाव्या वर्षी साखर कारखान्याच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला सांगलीहून ग्लासगोला गेला होता. तिथले कारखाने जुलैत पंधरवडाभर बंद असतात. त्या सुट्टीत तो पाठीला पिशवी लावून डोंगरात चालायला निघाला आणि चौदा दिवसांत एकोणीस हॉस्टेलं पायी पालथी घातली. दिवसाला एकाहून जास्त हॉस्टेलं कशी झाली, असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, “काही ठिकाणी नुसता शिक्का घेतला आणि पुढे निघालो.” प्रत्येक हॉस्टेलचा शिक्का कार्डावर उमटायचा. तेव्हाची पद्धत अशी होती की संध्याकाळी आल्यावर कार्ड वॉर्डनच्या ताब्यात द्यायचं, सकाळी वॉर्डन सांगेल ते काम करायचं (बटाटे सोलणं, कोळसा भरणं, झाडलोट) आणि काम झालं की कार्ड परत घ्यायचं. मामाचं कार्ड शेवटच्या हॉस्टेलात, म्हणजे किनक्रेलला, राहून गेलं. त्यामुळे एकोणीस शिक्के आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. मामीचा भाऊ मिरजेला असतो. तो प्रत्येक लग्नात पंगतीत बसल्यावर विचारायचा, “काय यशवंतराव, कार्ड आलं का?”

मामीच्या दृष्टीने हा गमतीचा विषय नव्हता. तिला दोन स्थळं एकाच आठवड्यात आली होती. एक मिरजेचे डॉक्टर, स्वतःची फियाट असलेले. दुसरा मामा. “मी त्या एकोणिसावर हो म्हटलंय,” ती सांगायची. “फियाट सोडली आणि एकोणीस हॉस्टेलं घेतली.”

२००९ मध्ये मी एका शिबिरासाठी एडिंबराला होते. मामाची मुलगीही तिथेच राहते, आणि मामा-मामी तिच्याकडे उन्हाळ्यापुरते आले होते. किनक्रेलला जायचं हे मामीने ठरवलं. मामाचं म्हणणं होतं की तिथे आता काही राहिलेलं नाही, ती इमारत कधीच पडली, उगाच बसमध्ये चार तास कंबर मोडून घ्यायची.

इमारत पडली होती हे खरं होतं. पण हॉस्टेल नव्हतं पडलं. मिसेस गिलीज यांनी आम्हाला तिथेच उभ्याने सगळा इतिहास सांगितला. पहिलं हॉस्टेल तळ्याच्या टोकाला जुन्या शाळेच्या दुमजली दगडी इमारतीत होतं. बहात्तरच्या वादळात तिचं छप्पर उडालं. मग सैन्याने विकून टाकलेली पत्र्याची अर्धगोल बराक आणून उभी केली. पंधरा वर्षांनी तीही गळायला लागली, तेव्हा हॉस्टेल गावातल्या बंद पडलेल्या पोस्टात गेलं. आणि आम्ही उभे होतो ती चौथी इमारत, सहा वर्षांपूर्वीची. काचेची, लाकडाची, दाराला चावीऐवजी प्लास्टिकची पट्टी लावायची, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर. इथे पाहुण्यांना कसलंच काम करावं लागत नव्हतं.

“म्हणजे कामाचा नियमच आता राहिला नाही,” मामा म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. “मग राहू द्या. मी तक्रार करणार नाही.”

“नियम गेला तो नंतरच्या लोकांसाठी,” मिसेस गिलीज म्हणाल्या. “तुमचं काम आधीचं आहे.”

त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला. झाकणावर हरणाचं चित्र होतं, हरणाचं तोंड घासून गेलेलं. “काम न करता गेलेल्यांची कार्डं आई यात ठेवायची. डबा माझ्याकडे आला तेव्हा सतरा होती. सोळा लोक येऊन काम करून गेले. एक तर खासदार होते, त्यांनी बागेतलं गवत उपटलं. तुम्ही शेवटचे.”

“पण जिनाच नाही,” मामा म्हणाला. “जी इमारत नाही तिचा जिना मी कसा झाडणार?”

“इमारत नाही. पायऱ्या आहेत.”

हे वाक्य मी त्याच वेळी टिपून ठेवलं होतं.

मिसेस गिलीज यांच्या आईला लाकूड टाकवत नसे. शाळा पडल्यावर तिने जिन्याच्या तेराही फळ्या, ओकच्या, उतरवून घेतल्या. सुताराने प्रत्येकीच्या पोटाला छिन्नीने रोमन आकडा कोरलेला होता. पुढे इमारत बदलली की फळ्याही बदलत गेल्या. कुठे फडताळ झालं, कुठे मेज, कुठे बाक. बारा कुठे आहेत ते मिसेस गिलीज यांना पाठ होतं. तेरावी म्हणजे क्रमांकाने सातवी, तिचा पत्ता फक्त आईला माहीत होता आणि ती आता नव्हती.

“बारा झाडून घ्या, मग सातवी शोधू,” त्या म्हणाल्या. “तुमची बस किती वाजता आहे?”

“चार पंचवीस,” मामी म्हणाली. हे तिला माझ्या भाषांतराशिवाय कळलं होतं.

दहा चाळीसला सुरुवात झाली. पहिल्या तीन पायऱ्या तिथेच होत्या. दाराजवळ पाहुण्यांना बूट काढायला एक लांब बाक होता, तो तीन फळ्या जोडून केलेला. मिसेस गिलीज यांनी लांब दांड्याचा झाडू दिला. मामाने तो दोन्ही हातांनी, छत्री धरावी तसा धरला.

“अहो, उलटा आहे,” मामी म्हणाली.

मामाने सुलटा केला.

“पुढे ढकलू नका, ओढून घ्या. कोपरे राहतायत. तिथे काय, देवघर आहे का, लांबून हात फिरवायला?”

“कुमुद, मला येतं.”

“एकोणचाळीस वर्षांत कधी दिसलं नाही म्हणून विचारलं.”

मिसेस गिलीज यांनी मला विचारलं, बाई काय म्हणतायत. मी सांगितलं, प्रोत्साहन देतायत. त्यांनी वहीत तीन खुणा केल्या.

बराकीपर्यंत त्यांच्याच गाडीने गेलो. तळ्याकाठच्या एकाच रस्त्यावर या चारी इमारती पसरलेल्या होत्या. बराक आता एका शेतकऱ्याची होती आणि आत अकरा मेंढे होते. पाच पायऱ्या पूर्वी हॉस्टेलच्या बुटांची फडताळं होत्या. आता त्यांवर मेंढ्यांच्या औषधांच्या बाटल्या, निळ्या रंगाचा डबा आणि एक बंद पडलेला रेडिओ होता. प्रत्येक वस्तू उतरवायची, फळी झाडायची, वस्तू परत ठेवायची. मामा झाडत होता, मी बाटल्या धरून उभी होते, आणि एक मेंढा मामाच्या कोटाचा पट्टा चघळत होता.

“सुमे, याला बाजूला घे.”

“कसं घेऊ?”

“पत्रकार आहेस ना? प्रश्न विचार त्याला.”

मामी दाराबाहेर उभी होती, नाकाला पदर लावून. “एकोणीस हॉस्टेलं चालला तो माणूस,” ती त्या मेंढ्याला मराठीत म्हणाली, “त्याचा पट्टा खातोयस तू.”

मामा झाडता झाडता थांबला. मग पुन्हा झाडायला लागला. त्या वेळी मला वाटलं, दमला असेल.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी पाच खुणा झाल्या. एकूण आठ.

पोस्टाच्या जागी आता चहाचं दुकान होतं आणि उरलेल्या चार पायऱ्या म्हणजे खिडकीजवळची चार छोटी मेजं. चारही मेजांवर गिऱ्हाईक होतं. मामा म्हणाला, ते उठेपर्यंत थांबू. मिसेस गिलीज यांनी दुकानात जाऊन मोठ्याने सांगितलं की हे गृहस्थ भारतातून एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं काम पूर्ण करायला आलेत, तरी कृपया कप उचलावेत. सगळ्यांनी कप उचलले. बशा, किटल्या, जॅमच्या वाट्या, सगळं हातात घेऊन लोक बसून राहिले. दुकानाच्या मालकिणीने छोटा ब्रश आणून दिला. मामा मेजावरून केकचा चुरा गोळा करत एकेका खिडकीशी वाकत गेला. पावसाळी कोट घातलेल्या दोन म्हाताऱ्या बायका होत्या, त्यांतल्या एकीने त्याचा हात धरून दाखवलं. “इथे थोडं राहिलंय.”

“बघा,” मामी म्हणाली, “कोपरे राहतायत हे परक्या बाईलाही दिसलं.”

शेवटचं मेज झाल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मामा लाजला. खरं तर तो खूष दिसत होता. आम्हाला फुकट सूप आणि पाव मिळाला. मिसेस गिलीज यांनी डबा मेजावर आणून ठेवला होता. जिथे जातील तिथे त्या डबा बरोबर नेत होत्या. मामी सूप पिताना डब्याकडे बघत होती.

“कार्ड मिळालं की फ्रेम करायची,” ती म्हणाली. “हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. दादाला मुद्दाम जेवायला बोलावते. समोरच्याच खुर्चीत बसवते.”

“सातवी सापडली तर,” मामा म्हणाला.

“सापडेल हो.”

“चाळीस वर्षांत लाकूड कुजतं, कुमुद.”

“बारा नाही कुजल्या. तीच एक बरी कुजेल?”

मामाने सूप तसंच ठेवलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही पहिल्या इमारतीपाशी पोचलो. छप्पर नव्हतं, चार भिंती होत्या. आत कमरेएवढं गवत. उजव्या हाताच्या भिंतीवर जिन्याची खूण होती: दगडात तिरप्या रेषेत खाचा, खालून वर. मी मोजल्या. तेरा.

“इथे मी झोपलो होतो,” मामा वर बोट करून म्हणाला. वर आकाश होतं. “खिडकीपासून दुसरी खाट.”

“कितव्या दिवशी?” मामीने विचारलं.

“चौदाव्या.”

“म्हणजे एकोणिसावं.”

“हो.”

आम्ही शोध सुरू केला. मिसेस गिलीज यांनी काठीने गवत बाजूला सारून चारी कोपरे बघितले. मी चुलीची जागा बघितली. मामी भिंतीच्या एका पडक्या भागावर बसून सूचना देत होती. चिलटं चावत होती. तिथली चिलटं जिऱ्यापेक्षा लहान असतात आणि थव्याने येतात. मामा तोंड धुऊन येतो म्हणून रस्त्याकडच्या ओहळापाशी गेला. दोन फूट रुंदीचा ओहळ, त्यावर तीन फळ्यांचा पूल, ज्यावरून आम्ही मघाशी आत आलो होतो.

तो तोंड धुऊन वर आला, पुलाच्या मधल्या फळीवर उभा राहिला आणि तिथेच राहिला. झाडू हातात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चिलटं त्याच्या टकलावर बसत होती, तरी हलेना.

“तुझा मामा काय पहारा देतोय का?” मामीने विचारलं.

मी पाण्याची बाटली भरायला म्हणून गेले. ओहळात वाकल्यावर पूल खालून दिसत होता. कडेच्या दोन फळ्या नव्या, पिवळट होत्या. मधली काळी होती, मधोमध पावलांनी झिजलेली. तिच्या पोटाला छिन्नीने कोरलेला आकडा शेवाळातून स्पष्ट दिसत होता. रोमन सात.

मी मान वर केली. मामा खाली माझ्याकडे बघत होता.

“सुमे,” तो हळूच म्हणाला, “पेपरात तुम्ही सगळंच छापता का?”

“मामा, ही सातवी आहे.”

“हळू बोल.”

“एवढी झाडली की झालं. कार्ड मिळेल तुला.”

“तेच नकोय.” त्याने भिंतीकडे बघून घेतलं. मामी पायातला बूट झटकत होती. “चार शिक्के आहेत त्यावर.”

मी बाटलीचं झाकण लावलं.

“पहिले दोन दिवस चाललो. नवे बूट होते, पायाला फोड आले. तिसऱ्या हॉस्टेलातल्या वॉर्डनने पाय बघून मला राहू दिलं. तिथे एक डच माणूस होता, त्याचाही पाय मुरगळलेला. बुद्धिबळ खेळत बसलो. अकरा दिवस.”

“अकरा दिवस?”

“सगळे डाव हरलो. मग बसने इथे आलो, एक रात्र राहिलो. ग्लासगोला गेल्यावर कारखान्यातले सगळे कार्ड बघायला मागणार होते. त्यांना मी निघतानाच सांगितलं होतं, एकोणीस करून येतो म्हणून. सकाळी त्या बाईंनी झाडू हातात दिला आणि म्हणाल्या, जिना झाडा, मग कार्ड देते. मी म्हटलं, बरंय.” तो हातातल्या झाडूकडे बघत होता. “झाडू भिंतीला टेकवला आणि बस पकडली.”

“मुद्दाम?”

“कार्ड इथे राहिलं तर कोण बघणार होतं? मी समजलो, फेकून देतील. डब्यात ठेवतील असं मला काय माहीत.”

“आणि मामीला?”

“ग्लासगोत एकदा सांगून बसलो होतो. सांगलीत वेगळा आकडा कसा सांगणार? आणि तो फियाटवाला त्याच आठवड्यात येऊन गेलेला.”

तेवढ्यात मामी स्वतःच आली. पुलाच्या अलीकडे थांबून तिने खाली बघितलं. “काय हा चिखल. पाय घसरेल कोणाचा तरी. द्या तो झाडू इकडे.” आणि मामाच्या हातातला झाडू घेऊन तिने मधल्या फळीवर टेकवला.

मामाने तो हिसकावून घेतला.

“राहू दे,” तो म्हणाला. “तू कशाला. चिखलच आहे.”

मामी त्याच्याकडे बघत राहिली. “एकोणचाळीस वर्षांत माझ्या हातातला झाडू पहिल्यांदा घेतलात,” ती म्हणाली. “तोसुद्धा न झाडण्यासाठी.”

मामा चिखलाने भरलेला पाय फळीवर घट्ट रोवून उभा होता. मिसेस गिलीज भिंतीआडून आल्या आणि म्हणाल्या की सातवी इथे नाही, त्यांना वाईट वाटतं. त्या खरोखरच उदास दिसत होत्या. परत जाताना आम्ही चौघं त्या फळीवरून एकामागून एक गेलो. मामा सगळ्यांत शेवटी.

तीन पन्नासला हॉस्टेलच्या काउंटरवर शेवटची नोंद झाली. बारा पायऱ्या झाल्या, एक बाकी. मामीने मिसेस गिलीज यांचा हात हातात घेऊन सांगितलं, मी भाषांतर केलं: “बारा झाल्यात. निदान उघडून दाखवा.” मिसेस गिलीज म्हणाल्या, अपुऱ्या कामावर त्यांच्या आईने कार्ड कधी दाखवलं नाही, खासदारांनाही नाही. मामा म्हणाला, “नियम म्हणजे नियम, कुमुद.” असं वाक्य त्याच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बस चार सत्तावीसला आली. मामी खिडकीशी बसली. मग म्हणाली, “आपण सगळे कोपरे बघितले होते ना गं?”

मी म्हटलं, “हो.”

त्या प्रवासावर मी रविवारच्या अंकासाठी लिहिलं. चारही इमारतींची वर्षं, फळ्यांची संख्या, मेंढ्यांची संख्या दोनदा तपासली होती. ‘सातवी पायरी अखेरपर्यंत सापडली नाही’ हे वाक्य मी न तपासता छापलं. मिरजेच्या दादांनी ते कात्रण मामीला पाठवलं, समासात पेन्सिलीने लिहून: ‘अरेरे.’

त्यानंतर चौदा वर्षं या प्रकरणात काही घडलं नाही. मामा एकोणीस हॉस्टेलं सांगत राहिला, फक्त आता शेवटी ‘आणि बारा पायऱ्या’ अशी भर घालायचा.

गेल्या नोव्हेंबरात किनक्रेलहून पत्र आलं. मिसेस गिलीज निवृत्त होत होत्या आणि हॉस्टेलची पाचवी इमारत बांधायचं ठरलं होतं, पुन्हा त्या जुन्या शाळेच्या जागेवर. कामासाठी ओहळावरचा लाकडी पूल काढला, तेव्हा मधल्या फळीच्या पोटाला सात आकडा सापडला. फळी वाळवून त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात ठेवली होती. झाडलेली नव्हती, ते मिस्टर घैसास यांचं काम आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मिस्टर घैसास यांना वयामुळे प्रवास जमणार नसेल तर त्यांच्या वतीने कुटुंबातल्या कोणीही येऊन काम पूर्ण केलं तरी चालेल, अशी आईच्या काळापासून सवलत आहे. डबा त्या मार्चअखेरपर्यंत उघडा ठेवणार होत्या.

पत्र मामाच्या नावाने आलं होतं. उघडलं मामीने.

मामाने मला फोन केला. “सुमे, डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केलीय, असं पत्र तू इंग्रजीत चांगलं लिहिशील.” मी लिहून दिलं. ते त्याने पाठवलं की नाही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला.

“फळी पुलावर होती म्हणे,” ती म्हणाली. “मधली.”

“हो का?”

“तू पाणी भरायला खाली उतरली होतीस ना तिथे?”

मी म्हटलं, मामी, आवाज तुटतोय, नंतर बोलू.

मामी आता पंचाहत्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे मामापेक्षा चांगले आहेत. जानेवारीत तिने पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, परदेशात काय काम. ती म्हणाली, झाडायला जायचंय. मामा हे सगळं हॉलमध्ये बसून ऐकत होता, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

पासपोर्ट गेल्या मंगळवारी आला. मामाने अजून अर्ज केलेला नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक खिळा ठोकला आहे.